ध्वनीची रेघ: क्रिश्चन मार्क्ले यांची कारकीर्द आणि तिची पूर्वपीठिका

ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा एडिसनने १८७७ साली तयार केलेल्या फोनोग्राफपासून सांगितला जातो आणि त्यामुळे तो आरंभापासून केवळ कानाचा इतिहास आहे असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः आवाज पुन्हा ऐकता यावा या इच्छेला यंत्राचे रूप येण्यापूर्वी वीस वर्षे, आवाज डोळ्यांना दिसावा आणि कागदावर उतरून लिखाणासारखा वाचता यावा या इच्छेला ते आलेले होते. पॅरिसमध्ये मुद्रणव्यवसायात काम करणाऱ्या एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तिनव्हिल याने १८५७ साली ‘फोनोटोग्राफ’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. या यंत्रात कर्ण्याच्या अरुंद टोकाशी ताणलेला पातळ पडदा आवाजाने थरथरत असे, पडद्याला जोडलेला एक राठ केस काजळी धरलेल्या कागदावरून फिरत असे, आणि केसाने काजळी खरवडली जाई तेथे काळ्यावर पांढरी नागमोडी रेघ उमटत असे. रेघ उमटली की यंत्राचे काम संपले, कारण तिचे पुन्हा आवाजात रूपांतर करण्याची सोय त्यात नव्हती आणि स्कॉटला तिची गरजही वाटली नव्हती. छायाचित्रण प्रकाशाचे जे काम करते तेच आपले यंत्र ध्वनीचे करील, अशी त्याची धारणा होती. त्याने १८६० मध्ये काढलेली अशी एक रेघ संगणकाच्या साहाय्याने प्रथम ऐकली गेली ती २००८ साली, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे ती फक्त पाहण्याची वस्तू होती.

छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण यांचे हे नाते स्कॉटपाशी थांबले नाही. शार्ल क्रो हा फ्रेंच कवी रंगीत छायाचित्रणाच्या आरंभीच्या संशोधकांपैकी एक होता, आणि त्यानेच एप्रिल १८७७ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीकडे एक मोहोरबंद टिपण दाखल करून असे सुचवले की स्कॉटची रेघ छायाचित्राच्या प्रक्रियेने धातूवर कोरली आणि त्या कोरीव खाचेतून टोकदार सुई फिरवली तर मूळ आवाज पुन्हा निघेल. दहा वर्षांनी एमिल बर्लिनरने ग्रामोफोनची पहिली मांडणी केली तेव्हा त्यानेही आधी छायाचित्रीय उत्कीर्णनाचाच, म्हणजे प्रतिमा प्रकाशाच्या साहाय्याने धातूवर कोरण्याच्या छापखान्यातील पद्धतीचाच आधार घेतला, आणि नंतर मेणाचा पातळ थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने खाच खोदण्याकडे तो वळला. एडिसनच्या नळकांड्यावरील खाच वरखाली होत असे. बर्लिनरच्या चपट्या तबकडीवरील खाच आडवी, डावीउजवीकडे वळत जाते, आणि तो आडवा वळसा थेट स्कॉटच्या काजळीवरील रेघेचा आहे. पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ घराघरांत वाजलेली तबकडी ही अशा रीतीने मुळात एका चित्राची प्रत होती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे छायाचित्र आणि ध्वनी या दोन माध्यमांत एकाच वेळी काम करणाऱ्या आजच्या कलावंतांची धडपड विक्षिप्त वाटण्याचे कारण उरत नाही. या कलावंतांत क्रिश्चन मार्क्ले यांचे स्थान अग्रभागी आहे.

छायाचित्र आणि ध्वनी यांचा एकत्र विचार कलेच्या प्रांतात प्रथम स्पष्टपणे मांडला तो लास्लो मोहोली-नॉज या हंगेरियन कलावंताने. ‘दे स्तील’ या नियतकालिकात १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने असे म्हटले की यंत्रे जोवर केवळ नक्कल करतात तोवर त्यांचे सामर्थ्य वाया जाते, म्हणून तबकडीवर आधी मुद्रित आवाज नसतानाही कलावंताने थेट हाताने खाचा कोराव्यात आणि त्यातून कोणी न ऐकलेला ध्वनी निर्माण करावा. त्याच लेखात छायाचित्राच्या काचेवरही कॅमेऱ्याविना, केवळ वस्तूंच्या आणि प्रकाशाच्या खेळातून प्रतिमा घडवाव्यात असे त्याने सुचवले. अशा कॅमेरारहित छायाचित्राला ‘फोटोग्राम’ म्हणतात. तबकडी आणि फोटोग्राम ही जोडी एकाच लेखात, एकाच तत्त्वाखाली आली, याला कलेतिहासात मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने १९३९ मध्ये वेग बदलता येणाऱ्या फोनोंवर, म्हणजे तबकडी वाजवण्याच्या यंत्रांवर, चाचणीच्या तबकड्या वाजवून एक रचना केली, आणि प्रागमधील मिलान क्निझाक याने १९६०च्या दशकात तबकड्या ओरखडल्या, जाळल्या, फोडल्या व वेगवेगळ्या तबकड्यांचे तुकडे चिकटवून पुन्हा वाजवल्या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय तरुणांनी १९७०च्या दशकात दोन फोनो शेजारी ठेवून नृत्यासाठी जी वादनपद्धती घडवली, तिचा या युरोपीय प्रयोगांशी काहीही संबंध नव्हता. ती गरजेतून आणि हौसेतून स्वतंत्रपणे जन्मली आणि तिचा प्रसार या सर्वांहून कितीतरी मोठा झाला.

मार्क्ले यांचा जन्म १९५५ साली कॅलिफोर्नियातील सॅन राफाएल येथे झाला. वडील स्विस, आई अमेरिकन आणि बालपण जिनिव्हात. जिनिव्हातील कलाशाळेत दोन वर्षे काढून ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १९८० मध्ये त्यांनी पदवी घेतली. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते, आणि ही उणीव त्यांच्या बाबतीत दिशा देणारी ठरली. बॉस्टनमध्ये असताना वाहत्या रस्त्यावर मोटारींच्या चाकांखाली सापडलेली मुलांसाठीची एक तबकडी त्यांनी उचलून आणली आणि वाजवून पाहिली, तेव्हा सुई खड्ड्यांवरून उडून तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागली आणि त्या अडखळण्यातून एक ठेका तयार झाला. एका गिटारवादक मित्राबरोबर १९७९ मध्ये त्यांनी जो वाद्यमेळ उभारला त्यात ड्रम वाजवणारा कोणी नव्हता. अडकणाऱ्या तबकड्यांनी ती जागा भरून काढली. पुढे न्यूयॉर्कमध्ये जॉन झॉर्न, एलियट शार्प अशा तत्स्फूर्त संगीत करणाऱ्यांच्या सोबतीने ते एकाच वेळी अनेक फोनोंवर वादन करू लागले, आणि गळ्यात पट्ट्याने अडकवून गिटारसारखा वाजवता येईल असा फोनोही त्यांनी बनवला.

या कामाला लागणारा कच्चा माल कोठून आला हे पाहणे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाख मिसळून केल्या जात आणि ती लाख मुख्यतः भारतातून, पळस आणि कुसुमाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांपासून मिळे; दुसऱ्या महायुद्धात आशियातून होणारी आवक धोक्यात येताच १९४२ साली अमेरिकेला तबकड्यांसाठी लाखेच्या वापरावर कठोर निर्बंध घालावे लागले होते. १९४८ नंतर विनाइल या कृत्रिम पदार्थाची दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली आणि तबकडी हलकी, न फुटणारी व स्वस्त झाली. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आल्यावर अमेरिकन घरांतून विनाइलच्या तबकड्या झपाट्याने बाहेर पडल्या आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत कवडीमोलाने विकल्या जाऊ लागल्या. मार्क्ले यांची कला अशाच टाकाऊ तबकड्यांवर उभी राहिली. १९८० ते १९८६ या काळात त्यांनी वेगवेगळ्या तबकड्यांचे काप करून ते एकमेकांना जोडले. अशी तबकडी भिंतीवर लावली तर रंगीत आकृतिबंध दिसतो आणि फोनोवर ठेवली तर प्रत्येक सांध्यावर सुई आपटून एका संगीतातून दुसऱ्यात जाते.

या काळातील त्यांची सर्वांत विचारप्रवर्तक कृती म्हणजे १९८५ सालची, नावाप्रमाणेच वेष्टनाविना विकली गेलेली ‘रेकॉर्ड विदाउट अ कव्हर’ ही तबकडी होय. तिच्या एका बाजूला मुद्रित ध्वनी आहे आणि दुसऱ्या बाजूवर उठावाच्या अक्षरांत, ती कोणत्याही संरक्षक आवरणात ठेवू नये अशी सूचना आहे. दुकानातल्या फळीवर, टपालाच्या प्रवासात, मालकाच्या घरी धुळीत पडून प्रत्येक प्रतीवर वेगळे ओरखडे उठत गेले आणि एकाच साच्यातून निघालेल्या प्रती कालांतराने परस्परांहून भिन्न झाल्या. यातील खरी मर्मदृष्टी आरंभीच्या भागात आहे: सुई टेकताच बराच वेळ केवळ जुन्या तबकडीची खरखर ऐकू येते, आणि ती मुळात मुद्रित केलेली खरखर आहे की हातातील प्रतीवर पडलेल्या ओरखड्यांची आहे हे श्रोत्याला सांगता येत नाही. छायाचित्राच्या जुन्या प्रतीवरचे डाग आपण प्रतिमेपासून वेगळे काढून पाहतो. येथे डाग आणि प्रतिमा यांची फारकतच शक्य राहत नाही. १९८९ मध्ये ज्युरिकच्या शेडहाले या कलादालनात त्यांनी ३,५०० तबकड्यांनी जमीन आच्छादली आणि सुमारे सहा आठवडे प्रेक्षकांना त्यांवरून चालू दिले. तबकड्यांवर पावलांचाच आवाज मुद्रित होता, आणि प्रदर्शन संपल्यावर त्याच पायदळी गेलेल्या तबकड्या विक्रीस ठेवल्या गेल्या.

तबकडीला वस्तू म्हणून पाहण्याची सवय एकदा लागल्यावर मार्क्ले यांचे काम हळूहळू निःशब्द होत गेले, आणि याच टप्प्यावर छायाचित्र त्यांच्या कामाच्या मध्यभागी आले. १९८८ सालच्या ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ या कृतीत सायमन आणि गारफंकेल या गायकद्वयाच्या त्याच नावाच्या गाण्याची तबकडी आहे, पण ती प्रत्यक्ष नसून तिचे कृष्णधवल छायाचित्र चौकटीत बसवलेले आहे. ज्याने ते गाणे ऐकले आहे त्याच्या मनात लेबलवरचे नाव वाचताच ते सुरू होते, ज्याने ऐकलेले नाही त्याच्यासमोर फक्त एक काळे वर्तुळ राहते. म्हणजे चित्रातील ध्वनी पाहणाऱ्याच्या स्मृतीवर अवलंबून राहतो. १९९५ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, सान स्टाए या चर्चमध्ये त्यांनी घरोघरी वाद्ये वाजवणाऱ्या अनोळखी माणसांची जुनी हौशी छायाचित्रे प्रचंड आकारात विरळ कापडावर छापून टांगली. प्रकाश बदलला की पलीकडची भिंत दिसू लागे आणि वादक पुसट होत. कोणत्याही यंत्राने मुद्रित न केलेल्या त्या घरगुती मैफलींचा कायमचा हरवलेला आवाज त्या विशाल, शांत वास्तूत जाणवावा ही योजना होती.

छायाचित्र आणि संगीत यांची सांगड त्यांनी सर्वांत सफाईने घातली ती बर्लिनमध्ये. पलुसकर किंवा भातखंडे यांच्या स्वरलिपीत स्वराचे अक्षर लिहिले जाते; पाश्चात्त्य पद्धतीत मात्र पाच आडव्या रेघांवर ठिपका किती वर किंवा खाली आहे यावरून स्वर कळतो, म्हणजे ते लेखन बरेचसे चित्रासारखे असते, आणि या प्रकल्पाचा सारा आधार त्या चित्रात्मकतेवर आहे. १९९६ साली भरलेल्या सोनाम्बिएन्ते या ध्वनिकला महोत्सवाच्या निमित्ताने मार्क्ले यांनी अशा रिकाम्या पंचरेघा छापलेली सुमारे ५,००० भित्तिपत्रके बर्लिन शहरभर लावली. बर्लिनची भिंत पडून जेमतेम सात वर्षे झाली होती आणि शहराच्या पूर्व भागात भिंतींवर लिहिणे ही रोजची बाब होती. लोकांनी त्या रेघांवर कोठे खरोखरीचे स्वर लिहिले, कोठे चित्रे काढली, घोषणा आणि निरोप खरडले. काही पत्रके फाडली गेली, काहींवर दुसऱ्या जाहिराती चिकटल्या, काही पावसाने सुजून सोलपटली. या सगळ्याची छायाचित्रे काढली गेली आणि त्यांतील १५० निवडून २००२ मध्ये सुट्या पानांचा संच म्हणून प्रसिद्ध झाली. हा संच वादकांसाठी आहे: त्यांनी पाने निवडावीत, क्रम ठरवावा, आणि फाटलेल्या कडेचे किंवा शाईच्या ओघळाचे काय वाजवायचे हे स्वतःच ठरवावे. छायाचित्र येथे घडून गेलेल्या गोष्टीची नोंद आहे आणि पुढे घडायच्या गोष्टीचा मसुदाही आहे, आणि ही दुहेरी जबाबदारी ते कोणत्याही तांत्रिक करामतीविना पेलते. पुढे २००७ मध्ये निघालेला ‘शफल’ हा पत्त्यांचा जोड याच मार्गाने जातो. कपडे, फलक, कप, गोंदण अशा ठिकाणी शोभेसाठी वापरलेल्या स्वरचिन्हांची छायाचित्रे त्या पत्त्यांवर आहेत आणि पत्ते पिसून पडेल त्या क्रमाने ती वाजवायची आहेत.

चित्रफितींतील त्यांच्या कामाची ख्याती या सगळ्याहून अधिक आहे. ‘गिटार ड्रॅग’ (२०००) मध्ये वाजत्या ध्वनिवर्धकाला जोडलेली विजेची गिटार टेक्ससमधील रस्त्यांवरून छोट्या ट्रकमागे दोराने फरफटत नेली आहे, आणि त्या किंकाळ्यांमागे १९९८ साली टेक्ससमधील जॅस्पर येथे जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाला तीन गोऱ्यांनी अशाच रीतीने फरफटत नेऊन ठार केल्याची घटना आहे. ही कृती पाहणे कठीण आहे आणि ते तसेच असायला हवे. ‘द क्लॉक’ (२०१०) हा शेकडो चित्रपटांतील घड्याळांची व वेळेची हजारो दृश्ये जोडून केलेला २४ तासांचा पट, पडद्यावरील वेळ आणि प्रेक्षकाची वेळ नेमकी जुळवतो, आणि त्यासाठी २०११ मध्ये व्हेनिस येथे त्यांना सर्वोत्तम कलावंताचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. त्या कृतीतील दोन भिन्न चित्रपटांच्या सांध्यावरून अखंड वाहत जाणारा ध्वनी हे अव्वल कारागिरीचे काम आहे. तथापि तिच्या प्रसिद्धीमुळे मार्क्ले हे प्रामुख्याने चित्रपटांचे तुकडे जोडणारे कलावंत ठरले आणि त्यांच्या छायाचित्रांकडे टीकाकारांचेही दुर्लक्ष झाले, ही हानी लहान नाही.

‘द क्लॉक’वर काम सुरू होते त्याच वर्षांत, २००७ ते २००९ दरम्यान, मार्क्ले यांनी फ्लोरिडातील टॅम्पा येथे, साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्राफिकस्टुडिओ या मुद्रणशाळेत सायनोटाइपची एक मोठी मालिका केली. सायनोटाइप ही कॅमेऱ्याविना छायाचित्र काढण्याची पद्धत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधली. लोहाच्या दोन क्षारांचे मिश्रण कागदाला लावून तो अंधारात वाळवतात, त्यावर वस्तू ठेवून तो उन्हात किंवा अतिनील प्रकाशात धरतात आणि मग पाण्याने धुतात. प्रकाश लागला तेथे गडद निळा रंग पक्का बसतो, वस्तूने प्रकाश अडवला तेथे मिश्रण धुऊन जाऊन कागद पांढरा राहतो. ॲना ॲटकिन्स हिने १८४३ पासून ब्रिटनमधील समुद्री शेवाळांचे असे ठसे काढून छायाचित्रांचे पहिले पुस्तक सिद्ध केले, आणि पुढे अभियंत्यांचे निळे नकाशे याच रसायनाने निघू लागल्याने ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द जगभर पोचला. मार्क्ले यांनी शेवाळाच्या जागी कॅसेट ठेवल्या. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली आणि भारतात १९८०च्या दशकात भावगीतांपासून कीर्तनांपर्यंत सारे काही खेड्यापाड्यांत पोचवणारी ही कॅसेट त्या सुमारास अमेरिकेत कचऱ्यात जमा झाली होती. महाराष्ट्रातही तिची उसवलेली फीत पाखरे हुसकण्यासाठी शेतात ताणलेली दिसू लागली होती.

माणसाच्या उंचीहून मोठ्या कागदांवर मार्क्ले यांनी फोडलेल्या कॅसेटची टरफले आणि त्यांतून उपसलेली मैलोगणती फीत पसरली, एकाच कागदाला अनेकदा प्रकाश दिला आणि प्रत्येक वेळी मांडणी बदलली, त्यामुळे फितीचे काही वळसे लख्ख पांढरे, काही फिकट निळे, काही जेमतेम दिसणारे असे एकावर एक आले. ज्या गायकांच्या कॅसेट फोडल्या त्यांतील काहींची नावे कृतींच्या शीर्षकांत दिली आहेत, म्हणजे कोणता आवाज तेथे होता हे कळते आणि त्यातला एक स्वरही ऐकू येत नाही. जवळून पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. साध्या कॅसेटच्या फितीवरील तपकिरी थर हा लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि आवाज त्या लोहकणांच्या चुंबकीय मांडणीत साठवलेला असतो. सायनोटाइपचा निळा रंगही लोहाचाच आहे. म्हणजे आवाज धरून ठेवणारे लोह प्रकाश अडवते आणि प्रकाश धरून ठेवणारे लोह त्याची आकृती टिपते. परिणामी कागदावर जे उरते ते गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या, नागमोडी, वाजवता न येणाऱ्या रेघांचे जाळे असते, आणि स्कॉटच्या काजळीच्या कागदांशी त्याचे नाते दृष्टीला पडल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच आहे की स्कॉटच्या रेघेतून दीडशे वर्षांनी आवाज काढता आला. मार्क्ले यांच्या रेघेतून तो कधीही काढता येणार नाही, कारण तिने ध्वनीची आकृती न टिपता ध्वनी वाहणाऱ्या वस्तूची आकृती टिपली आहे. ध्वनिमुद्रणाच्या एका युगाची समाप्ती कशी दिसते याचे यापेक्षा अचूक चित्र दुसऱ्या कोणी काढलेले नाही, आणि त्या दृष्टीने ही मालिका ‘द क्लॉक’च्या वरच्या पायरीवर ठेवावी लागते.

पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०२२ च्या अखेरीस मार्क्ले यांच्या एकूण कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले आणि त्यात तबकड्या, वेष्टने, छायाचित्रे व चित्रफिती प्रथमच एवढ्या प्रमाणावर शेजारी शेजारी आल्या. मराठी वाचकाच्या दृष्टीने या कारकिर्दीचा विचार आणखी एका कारणाने निकडीचा आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी जुन्या ध्वनिमुद्रिकांची लेबले, क्रमांक आणि खाचांजवळ कोरलेल्या खुणा यांच्या आधारे किती इतिहास सिद्ध करता येतो हे दाखवून दिले आहे. तरीही नाट्यपदांच्या, लावण्यांच्या आणि भजनांच्या जुन्या तबकड्या व कॅसेट संगणकावर एकदा उतरवल्या की भंगारात काढण्याची प्रथा संस्थांत आणि घरांत सर्रास सुरू आहे. उतरवलेल्या आवाजात लेबल नसते, वेष्टनावरचे छायाचित्र नसते, मालकाने शाईने घातलेली तारीख नसते आणि सुईने पाडलेली झीजही वाचता येत नाही. ज्यांच्या माळ्यावर अशा वस्तू आहेत त्यांनी त्या टाकू नयेत, आणि जागेअभावी टाकणे भागच असेल तर निदान दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढून, क्रमांकासह, एखाद्या संग्राहकाकडे किंवा ग्रंथालयाकडे सोपवावीत.